दुधाच्या हिशेबाशेजारी उपकारस्तुती

आमच्या घरात कुणी कुणाला धन्यवाद म्हणत नाही. पुण्याला शिकणारा माझा भाचा गेल्या नाताळात आला होता. मायने त्याच्या ताटात कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, तसा तो सवयीने 'थँक्यू आजी' म्हणाला. माय पिठाचा हात परातीत तसाच ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. 'थँक्यू काय म्हनस रे? मी काय परकी शे का?' पोरगं पार ओशाळलं.

हीच माय रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साक्षीची, म्हणजे देवाने काय केलं ते सांगायची, वेळ झाली की सगळ्यांच्या आधी उभी राहते. 'मी प्रभूची उपकारस्तुती करते', म्हणजे आभार मानते, अशी सुरुवात करून पाच मिनिटं बोलते. गुडघा, नातवाचा ताप, विहिरीला टिकलेलं पाणी, शेळीला झालेली दोन करडं. भाच्याने त्या रविवारी परतताना मला विचारलं, 'आत्या, आजीला परका कोण मग? मी की देव?'

गमतीत विचारलं होतं, पण प्रश्न चांगला होता. ख्रिस्ती घरांत लहानपणापासून कानावर पडतं की रोज देवाची उपकारस्तुती करा. का करायची, कशी करायची, आणि मनात काहीच येत नसेल तेव्हा काय, हे कुणी फारसं उलगडून सांगत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते, धर्मशास्त्र शिकलेली नाही. पण पोरांना भागाकार समजावून सांगायची सवय आहे, तेवढ्या बळावर हे लिहिते.

शब्दापासून सुरू करू. बायबलच्या मराठी भाषांतरात 'उपकारस्तुती' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मंडळीबाहेर तो फारसा ऐकू येत नाही. आपल्या बोलण्यात 'उपकार' हा काही गोड शब्द नाही. उपकाराचं ओझं होतं, उपकार फेडावे लागतात, आणि भांडणात तर 'उपकार करतोस का माझ्यावर?' हे हमखास येतं. ज्याने उपकार केले त्याच्यासमोर मान वर करता येत नाही, अशी आपली समजूत. त्यामुळे देवाचे उपकार म्हटलं की नकळत तोच हिशेब मनात उभा राहतो: त्याने एवढं दिलं, आता मला एवढं परत करायचंय.

नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द युखरिस्तिया. त्याच्या पोटात 'खारिस' आहे, म्हणजे कृपा. ख्रिस्ती शिकवणीत कृपा म्हणजे जिची किंमत घेणाऱ्याने भरलेली नाही आणि त्याला भरताही येणार नाही, अशी देणगी. प्रभुभोजनाला कॅथलिक मंडळी युखरिस्त म्हणतात तो हाच शब्द. येशूने भाकर हातात घेऊन आधी आभार मानले आणि मग ती मोडली, त्यावरून सगळ्या विधीलाच आभाराचं नाव पडलं.

बायबलमधल्या ११६ व्या स्तोत्रात हा फेडण्याचा प्रश्न कवीने स्वतःच विचारलाय. देवाने माझ्यावर इतके उपकार केले, मी त्याचा उतराई कसा होऊ? आता कवी यज्ञ, दान, उपास असं काहीतरी म्हणेल असं वाटतं. पण पुढच्याच ओळीत तो म्हणतो की मी तारणाचा, म्हणजे देवाने केलेल्या सुटकेचा, प्याला हाती घेईन. फेडू कसं म्हणून विचारलं, आणि उत्तर काय, तर अजून घेईन! नवस फेडण्याची गोष्ट त्या स्तोत्रात पुढे आहे, ती मी लपवत नाही. पण पहिला नंबर घेण्याचा.

हे मी मुद्दाम सांगते, कारण नवसाची भाषा आपल्या हाडात आहे. मुलगा पास झाला तर उपकारस्तुतीची सभा ठेवीन, घराचा स्लॅब पडला तर मंडळीला जेवण देईन. सभा ठेवायला, जेवण द्यायला माझी काही हरकत नाही, मी स्वतः दोनदा ठेवली आणि पुलाव चांगला झाला होता. फक्त मनात तो व्यवहार असेल, तर सभा झाली की खातं बंद. दुसऱ्या दिवशीपासून देवाशी बोलायला कारण उरत नाही. माय ज्या 'थँक्यू'वर चिडली तेही असंच असतं. दुकानदाराला थँक्यू म्हणतो, पैसे देतो, विषय संपतो. घरच्या माणसाशी विषय संपवायचा नसतो.

मग रोज करायचं काय? 'कृतज्ञ' हा संस्कृत शब्द इथे कामाला येतो. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं ज्याला माहीत आहे तो कृतज्ञ. आपण मराठीत 'त्याला जाण आहे' किंवा 'केल्याची जाण नाही' म्हणतो तेही हेच. दोन्हींत भावनेचा शब्दसुद्धा नाही, आधी माहिती आहे. माझ्या मते सगळी गल्लत इथे होते. कृतज्ञ वाटायला हवं म्हणून आपण वाटण्याची वाट बघत बसतो. वाटत नाही. मग अपराधी वाटतं, आणि सवय तिथेच मोडते. जाण ठेवायला मात्र छाती भरून यावी लागत नाही. काय काय मिळालं ते बघावं लागतं.

लूकच्या शुभवर्तमानात, १७ व्या अध्यायात, दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. शोमरोन आणि गालीलच्या सीमेवर ते येशूला हाक मारतात, तो त्यांना याजकांकडे पाठवतो आणि वाटेतच ते बरे होतात. एक जण परततो, येशूच्या पायाशी पडतो, आणि तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. रविवारच्या शाळेत आम्हाला शिकवायचे की बाकीचे नऊ वाईट. मला आता तसं वाटत नाही. याजकांकडे जा असं सांगितलं होतं, ते सांगितल्याप्रमाणे गेले. आणि परत आले नाहीत म्हणून कुणाचा कुष्ठरोग परतही आला नाही. देवाने दिलेलं काढून घेतलं नाही. त्या एकाबद्दल लूक काय सांगतो ते बघा: आपण बरे झालो हे त्याने पाहिलं, तो वळला, मोठ्याने बोलला. पाहणं, वळणं, बोलणं. बरे दहाही झाले, दिलेल्याला येऊन भेटला तो एकच. 'बाकीचे नऊ कुठे आहेत?' या प्रश्नात मला राग कमी आणि वाट बघणं जास्त ऐकू येतं.

हेच जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने घरगुती भाषेत सांगून ठेवलंय. १५२९ मध्ये त्याने साध्या कुटुंबांसाठी एक छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' असं आपण म्हणतो, त्यावर तो लिहितो की देव रोजची भाकर सगळ्यांनाच देतो, न मागता देतो, दुष्टांनाही देतो. मग मागायचं कशाला? तर ती त्याच्याकडून येते हे आपल्या लक्षात यावं आणि आपण ती आभाराने घ्यावी म्हणून. आणि रोजच्या भाकरीत तो काय काय मोजतो! अन्न, कपडे, घर, शेत, गुरं, पैसा, चांगला जोडीदार, चांगलं सरकार, चांगलं हवामान, भले शेजारी. चांगलं सरकारसुद्धा. यादी वाचताना मला नेहमी बाजाराच्या पिशवीची आठवण येते.

आता माझी स्वतःची सवय कशी लागली ते सांगते. एकदा मी एक छान वही आणली होती, जाड पुठ्ठ्याची, आभाराची वही म्हणून. अकरा दिवस लिहिली. पहिल्या पानावर 'माझ्या सुंदर कुटुंबासाठी', दुसऱ्यावर 'आरोग्यासाठी', तिसऱ्यावर 'तारणासाठी'. चौथ्या दिवशी पुन्हा कुटुंब आलं. एवढी मोठमोठी नावं लिहिली की पाचव्या दिवशी देवाकडे द्यायला काही शिल्लकच नाही असं वाटायचं. ती वही पुढे धोब्याच्या हिशेबाला गेली.

स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यातल्या रोजच्या चौकटीत मी दुधाचा हिशेब लिहिते, बहुतेक घरांत लिहितात तसा: १ लि., दीड, नाही. एका सकाळी दूध घेतलं, पेन हातात होतं, आणि मी 'दूध १ लि.'च्या खाली लिहिलं, 'रात्री गच्चीवर वारा'. मे महिना होता. खानदेशातला मे कसा असतो ते ज्याला माहीत आहे त्याला त्या दोन-तीन शब्दांची किंमत कळेल. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'नळाला पाणी, दोन्ही टाक्या'. तिसऱ्या दिवशी, 'चौथीतला तो पोरगा वाचला', म्हणजे पुस्तक वाचायला लागला. चौकट एवढीशी की त्यात 'कुटुंब' आणि 'आरोग्य' असले शब्द लिहायची लाज वाटते. बारीकच काहीतरी लिहावं लागतं, कालचंच, नेमकं.

लिहून झालं की ते वाक्य मोठ्याने देवाला सांगते, गॅसवर दूध ठेवता ठेवता. 'बापा, रात्री वारा सुटला होता, झोप लागली.' एवढंच. कधी कधी दूध उतू जातं.

हे का टिकलं आणि वही का टिकली नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. सवयीवरचा एक अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाला, २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांनी एकेक नवी सवय निवडली आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधली, जसं की नाश्त्यानंतर, जेवणानंतर. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ पुरे होते, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते असं जे सर्रास सांगतात त्यावर फार विसंबू नका. त्याच अभ्यासात एक दिलासाही आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. माझी खुंटी म्हणजे दूधवाला. तो रोज येतोच, मग मी लिहितेच. तुमची वेगळी असेल. बस स्टँडवर गाडीची वाट बघणं, चुलीवर तवा तापणं, मोबाईल चार्जिंगला लावणं.

खुंटीचं एक जुनं उदाहरण म्हणाल तर बायबलमधला दानीएल. राजाने हुकूम काढला की तीस दिवस राजाखेरीज कुणाकडे काही मागायचं नाही, मागितलं तर सिंहांच्या गुहेत. हुकुमावर सही झाल्याचं कळल्यावर दानीएल घरी गेला, यरुशलेमकडच्या खिडक्या उघड्या होत्या, त्याने गुडघे टेकले आणि दिवसातून तीनदा प्रार्थना आणि आभार, आधी करायचा तसंच. मला इथे 'आधी करायचा तसंच' हेच महत्त्वाचं वाटतं. सिंह दिसल्यावर त्याने सवय लावली नाही, आधीपासून होती म्हणून सिंहांपुढे ती टिकली.

आपल्याच देशातलं एक उदाहरण मिझोरमच्या मंडळ्यांचं. तिथे बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना दर वेळी एक मूठ बाजूला काढतात, देवाच्या कामासाठी. बुहफाई थाम म्हणतात त्याला, १९१० पासून चालत आलंय. मुठी जमवून मंडळीत देतात, आणि त्यावर किती सेवकांचा खर्च निघतो! वेगळी वेळ नको, वही नको. भात रोज शिजतो, मूठ रोज निघते. हे वाचल्यापासून मायला सांगतेय की आपणही बाजरीची मूठ काढू. ती म्हणते, आधी उंदरांचं बघ.

रोजचंच का, आठवड्याला का नाही? मानसशास्त्राचा पुरावा इथे दोन्हीकडे आहे. एमन्स आणि मॅकलॉ या अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की ज्या विद्यार्थ्यांनी दहा आठवडे आठवड्यातून एकदा आभाराच्या गोष्टी लिहिल्या, ते कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते. पुढे दुसऱ्या संशोधकांना असंही आढळलं की आठवड्यातून तीनदा लिहिण्यापेक्षा एकदा लिहिल्याने जास्त फरक पडतो, कारण तेच तेच लिहून माणूस कंटाळतो. मन:शांतीसाठीच करायचं असेल तर आठवड्याला एकदा पुरे, खुशाल करा. ख्रिस्ती माणूस रोज करतो त्याचं कारण वेगळं आहे. रानात इस्राएलांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, मिळायचा तो त्या दिवसापुरता. शब्बाथासाठीचा, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचा, सोडला तर उद्यासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे. आणि लेवीय पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात उपकारस्तुतीच्या बलीचा नियम आहे: मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. एका घराला अख्खा पशू एका दिवसात कसा संपणार? शेजारीपाजारी बोलवावे लागणारच. नियमाचं कारण तिथे लिहिलेलं नाही, हा माझा तर्क. पण आमच्याकडे घरी बोकड कापला की काय होतं हे बघितलेल्या माणसाला तो पटेल.

नवापूरकडच्या गावांत ख्रिस्ती मंडळ्या बऱ्याच आहेत. तिकडे हंगामाच्या उपकारस्तुतीला मी दोनदा गेलेय. वेदीपुढे भाताची पोती, तूर, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपदेश चालू असताना कोंबडी ओरडते आणि पाळकसाहेब थांबतात. भक्तीनंतर लिलाव. एक डांगर शंभरावरून चढत चढत पाचशेला गेलं, आणि ज्याने घेतलं त्याने ते परत लिलावाला दिलं. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली आणायचा विधी आहे, त्याची आठवण झाली. तिथे टोपली नुसती ठेवून चालत नाही. ठेवणाऱ्याने आपली कहाणी म्हणायची असते: माझा बाप भटका होता, आम्ही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतो, देवाने सोडवून आणलं, म्हणून हे पीक. आणि मग लेवी, म्हणजे देवाची सेवा करणारे, आणि परदेशी यांना घेऊन आनंद करायचा. उपकारस्तुतीतली स्तुती म्हणजे ही सांगण्याची बाजू. माय गुडघा आणि करडं सांगते ना, ती तेच करते.

आता सांगण्यातला खड्डा. लूकच्याच १८ व्या अध्यायात एका परूशाची, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याची, प्रार्थना आहे, आणि ती उपकारस्तुतीच आहे: देवा, मी इतर माणसांसारखा नाही, या जकातदारासारखा नाही, म्हणून तुझे आभार. येशू म्हणतो, हा माणूस नीतिमान ठरून घरी गेला नाही. 'आपल्यापेक्षा खाली बघावं म्हणजे समाधान वाटतं' असं मोठी माणसं सांगतात, आणि त्यांचा हेतू चांगला असतो. पण खाली बघून मानलेले आभार हळूहळू परूशाचे होतात. झोपडीतल्या माणसाचा आपण उपयोग करून घेतला, आपलं समाधान मोजायला. साक्षीतही हे शिरतं. 'प्रभूने मला नवी गाडी दिली' म्हणताना गाडीचं मॉडेलही सांगितलं की समजावं. मी एक नियम केलाय, चौकटीत दुसऱ्याचं नाव आलं तर ते त्याने माझ्यासाठी काही केलं म्हणून यावं, मी त्याच्यापेक्षा बरी म्हणून नव्हे.

त्याहून वाईट म्हणजे उपकारस्तुतीने दुसऱ्याचं तोंड बंद करणं. नवरा मारतो म्हणून रडणाऱ्या बाईला 'आहे त्यात देवाचे आभार मान' असं सांगितलेलं मी ऐकलंय. मजुरी थकवणाऱ्यानेही मजुराला समाधानाचा उपदेश केलेला ऐकलाय. मिसरात इस्राएल विटा थापत कण्हत होते तेव्हा देवाने त्यांना आभार मानायला सांगितलं नाही. त्यांचं कण्हणं ऐकलं आणि त्यांना सोडवायला मोशेला पाठवलं. आभार स्वतःच्या तोंडून निघतात, दुसऱ्याच्या तोंडात कोंबता येत नाहीत.

यातूनच सगळ्यात अवघड प्रश्न येतो. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पहिल्या पत्रात लिहितो की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. सर्व स्थितीत? ही मंडळी छळात होती, पौलाला हे माहीत होतं, त्यामुळे सुखातल्या माणसाने दुःखातल्याला दिलेला सल्ला म्हणून ते सोडून देता येत नाही. सर्व स्थिती*त* म्हणणं आणि सर्व स्थिती*बद्दल* म्हणणं यात फरक आहे, असं समजावून सांगतात, आणि इथे ते बरोबर आहे. पण इफिसकरांच्या पत्रात 'सर्व गोष्टींबद्दल' असंही आहे, तेव्हा व्याकरणाने पूर्ण सुटका होत नाही. मला योहानाच्या ११ व्या अध्यायाने मदत केली. येशूचा मित्र लाजर, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. तिथे येऊन येशू रडतो. जरा पुढे, त्याच कबरेशी, धोंडा सरकवल्यावर तो वर बघून म्हणतो, बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो. मरणाचे आभार मानले नाहीत. पौलही मरणाला शत्रूच म्हणतो. रडणं आणि आभार एकाच माणसाच्या तोंडी, एकाच जागी, आणि एकाने दुसऱ्याला खोटं पाडलं नाही.

स्तोत्रांतही असंच आहे. तेराव्या स्तोत्रात सहाच ओव्या, सुरुवात 'किती वेळ, परमेश्वरा?' अशी तक्रारीने आणि शेवट गाण्याने. पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आणि तेही पवित्र शास्त्रात आहे. कुणी ते गोड करून दिलेलं नाही.

माझं माहेर साक्री तालुक्यातलं. एका मार्चमध्ये गारपीट झाली. कांदा काढणीला आलेला. पाती झोपल्या, कांद्याला गारांचा मार बसला, जो चाळीत भरला तो आतून सडत गेला. पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी माझे नाना, म्हणजे धाकटे काका, उभे राहिले. एरवी बोलके. टोपी हातात धरून बराच वेळ गप्प. मग म्हणाले, 'देवा, आज मन्हा तोंडमा काही नही.' आणि बसले. कुणी 'हालेलूया' म्हटलं नाही, याबद्दल मी त्या मंडळीची आजही ऋणी आहे. पाळकांनी त्यानंतर हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट वाचला. अंजीर फुलला नाही, वेलीला फळ नाही, जैतून फसलं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं की 'तरी' म्हणायच्या आधी हबक्कूकने सहा नुकसानं नावानिशी मोजली आहेत. पंचनाम्यासारखी. नानांनीही आधी पंचनामाच केला, त्यांच्याजवळ त्या दिवशी 'तरी' नव्हतं एवढंच. पण ते उभे राहून देवाशीच बोलले होते.

म्हणून माझं म्हणणं असं की दुःखाच्या दिवशी सवय सोडू नये आणि खोटंही बोलू नये. जे झालं ते त्याच्यासमोर मोजावं. जाण ठेवायची म्हटली की दोन्ही बाजूंची ठेवावी लागते.

रात्रीची एक जोड आहे, ज्यांना सकाळ जमत नाही त्यांच्यासाठी. इग्नाती लोयोला या स्पॅनिश संताने सोळाव्या शतकात दिवसाची तपासणी करायची एक रीत घालून दिली. तिची पहिली पायरी पापांची उजळणी नाही. आधी दिवसभरात मिळालेल्याचे आभार, मग देवाकडे स्वतःला नीट बघता यावं म्हणून प्रकाश मागणं, आणि त्यानंतर चुका. क्रम महत्त्वाचा आहे. चुकांपासून सुरू केलं तर मी तरी तिथेच झोपी जाते.

आणि पोरांसोबत करायचं तर जेवणाआधीच्या प्रार्थनेचा वेग तेवढा कमी करा. आमच्याकडे ती आठ सेकंदांत उरकत असे, आमेनच्या आधीच हात ताटात. आता एकाने एका घासाचा माग काढायचा, असा खेळ आहे. भाकरी कुणी थापली, पीठ कुणी दळलं, ज्वारी कुणी कापली, पाऊस कुणी पाडला. ल्यूथर म्हणायचा तसंच, देव देतो तो कुणाच्या तरी हाताने देतो. त्यामुळे या खेळात माझ्या धाकट्याने गिरणीवाल्या काकांसाठी प्रार्थना केली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना जाऊन तसं सांगूनही आला. ते बिचारे पीठ मोजायचं विसरले.

भाच्याला मी त्या रविवारी एवढं लांबलचक उत्तर दिलं नाही. म्हटलं, परकं कुणीच नाही. आजीला तुझ्या थँक्यूचा राग नव्हता, भाकरी कशी झाली ते तू सांगितलं नाहीस याचा होता. संध्याकाळी त्याने जेवताना सांगितलं की ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं. माय खूश झाली, आणि त्याला अजून वाढला.

तीन वर्षांपूर्वी आबा गेले त्या महिन्याचं पान मी जपून ठेवलंय. सोळा तारखेच्या चौकटीत 'दूध नको' आहे. सतराला 'माणसं आली'. अठराला, 'शेजारून पिठलं'. पुढचे नऊ दिवस नुसता दुधाचा हिशेब, त्याखाली काही नाही. मध्यंतरी एकीने ते पान बघून विचारलं, या नऊ दिवसांत काय केलंस? काही केलं नाही. खाली लिहिण्यासारखं काही दिसत नव्हतं. दूध १ लि. लिहिलं, कारण ते मात्र रोज आलं होतं.